मगर आला की मगर आली? बडोद्यातल्या एका वाक्यखेळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बडोद्यातल्या सहा मित्रमैत्रिणींचं आहे. त्यांतली मी एक. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. चार घरं मराठी. दोन दांडिया बाजारात कित्येक पिढ्या राहिलेली, एक मांजलपुरातलं, आणि एक मैत्रीण लग्न होऊन पुण्याहून आलेली. उरलेले दोघं, एक मैत्रीण आणि एक मित्र, घरचे गुजराती, पण शाळेपासून आमच्यातच वाढलेले. मराठी त्यांना सगळं कळतं, बोलतातही न बिचकता. लिंगाची तेवढी गल्लत होते.

ती गल्लत आमच्या घरांतही होते. गुजरातीत 'चा' स्त्रीलिंगी, हिंदीत 'चाय' स्त्रीलिंगी, त्यामुळे आमच्याकडे सकाळी सहज विचारलं जातं, "चहा झाली का?" पुण्यामुंबईचे पाहुणे ते ऐकून हसतात. हे इथे सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या हसण्यापाशी येऊन अडलं.

आम्ही शनिवारी रात्री भेटतो. मेंढीकोट आणि बदाम सात खेळून झाले की कुणीतरी लहानपणचा चिठ्ठ्यांचा खेळ काढायचं. कोणी, कोणाबरोबर, कुठे, काय केलं, अशा चार ढिगांतून एकेक चिठ्ठी उचलायची आणि जुळेल ते वाक्य मोठ्याने वाचायचं. २०२४च्या जूनअखेरीस मांजलपूरची मैत्रीण म्हणाली, "दर वेळी वह्यांची पानं फाडण्यापेक्षा आपला स्वतःचा पत्त्यांचा खेळच करू या की." मुदत ठरली कोजागिरीची, म्हणजे हातात साडेतीन महिने होते.

अडचण

पहिली कल्पना सोपी वाटली होती. इंग्रजीत असे खेळ पुष्कळ आहेत. १९९९चा 'ॲपल्स टू ॲपल्स', २०११चा 'कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी'. एका पत्त्यावर शब्द किंवा रिकाम्या जागेचं वाक्य, हातात नामांचे पत्ते, आणि दर डावाला बदलणारा एक पंच. ते मराठीत आणायचं, इतकंच काम, असं आम्ही धरून चाललो.

इंग्रजीत कुठलंही नाम कुठल्याही रिकाम्या जागी बसतं, कारण नामाचं लिंग क्रियापदाला कळत नाही. मराठीत ते कळतं, आणि भूतकाळात, वाक्यात कर्म असलं की, तर कर्त्याचं सोडून कर्माचं कळतं. मगरीने दागिना गहाण ठेवला, भाकरवडी गहाण ठेवली, पदक गहाण ठेवलं, पोहे गहाण ठेवले. क्रियापदाचा एकच पत्ता, पण छापायचं कोणतं रूप? शिवाय सामान्यरूप. 'घोडा' एका पत्त्यावर आणि 'ने' दुसऱ्यावर ठेवला तर शेजारी शेजारी 'घोडाने' तयार होतं, 'घोड्याने' होत नाही. चिठ्ठ्यांच्या खेळात हे कधी जाणवलं नव्हतं, कारण वाचणारा तोंडातल्या तोंडात शेपूट दुरुस्त करून वाचायचा. छापलेला पत्ता ते करू शकत नाही.

तरीही आम्ही पहिला संच भूतकाळातच केला. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांवर मार्करने लिहिलं. क्रियापद धातूपुरतं, 'गहाण ठेव–', आणि शेवट खेळणाऱ्याने बोलताना लावायचा. जुलैतल्या एका शनिवारी गुजराती मैत्रिणीची पाळी आली. तिने पत्ते मांडले आणि वाचलं: "मगरने भाकरवडी गहाण ठेवला." सगळे जोरात हसले. पुढच्या डावात तिने सावध होऊन कर्ता नीट बघितला आणि म्हणाली, "मगर आला..." पुन्हा हशा. गुजरातीत मगर पुल्लिंगी आहे, हिंदीतही. ती मगरींच्या विश्वामित्री नदीपासून हाकेच्या अंतरावर राहते. मगर हा शब्द तिने आयुष्यभर 'आला' असाच वापरला आहे.

तिने पत्ते खाली ठेवले आणि विचारलं, "तुम्ही हसता ते माझ्या वाक्याला की माझ्या मराठीला?"

कुणी उत्तर दिलं नाही, पण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं असं नाही. भाकरवडी गहाण ठेवणारी मगर मजेशीरच आहे. पण आम्ही त्याला हसलोच नाही, 'ठेवला'ला हसलो. म्हणजे पुण्याचे पाहुणे आमच्या चहाचं जे करतात, तेच आम्ही तिच्या मगरीचं केलं. त्या रात्री वहीत मी एक अट लिहिली आणि पुढे सगळे निर्णय तिच्यावर घासून पाहिले: पत्ते कसेही मांडले तरी वाक्य शुद्ध निघालं पाहिजे. वाक्य शुद्ध असेल तरच हसू त्यातल्या गोष्टीला येतं.

कोणते पर्याय होते

पुढचे दोन शनिवार आम्ही खेळलोच नाही, नुसतं बोललो.

एक मार्ग म्हणजे क्रियापदावर सगळी रूपं छापायची, 'ठेवला/ठेवली/ठेवलं/ठेवले', आणि खेळणाऱ्याने निवडायचं. परीक्षा तीच राहिली, फक्त लेखी झाली. हा मार्ग लगेच सोडला.

दुसरा पुण्याच्या मैत्रिणीने सुचवला: सूचनाफलकाची भाषा. "मगरीने भाकरवडी गहाण ठेवू नये." 'नये'ला लिंग नाही. हे आम्हा सगळ्यांना फार आवडलं आणि एक अख्खी संध्याकाळ आम्ही पाट्याच रचत बसलो. पण अनेकवचनी कर्म आलं की 'नयेत' करावं लागतं. आणि विसाव्या वाक्यापर्यंत 'नये'चा सूर रागावल्यासारखा, एकसुरी लागायला लागला. प्रत्येक वाक्य कुणालातरी दटावतंय.

तिसरा मार्ग माझा: सगळे कर्ते अनेकवचनी, काळ वर्तमान. 'करतात' हे रूप तिन्ही लिंगांना चालतं. "मगरी भाकरवडी गहाण ठेवतात." वाक्य शुद्ध, पण भूगोलाच्या पुस्तकातलं वाटतं. एकटी मगर पेढीवर जाऊन उभी आहे, हे चित्रच पुसलं जातं. माझी कल्पना असूनही ती मीच सोडून द्यायला सांगितली.

चौथा मार्ग गुजराती मित्राच्या तोंडून निघाला, आणि तोही दुसरंच काही बोलताना. पुढच्या शनिवारी कोण येणार याची चर्चा चालली होती. तो म्हणाला, "ती येईल, तो येईल, मग मी पण येईन." आणि थांबला. "येईल दोघांना सारखंच आहे की."

खरंच सारखं आहे. तो करेल, ती करेल, ते करेल. साध्या भविष्यकाळात मराठी क्रियापद लिंग विचारत नाही, कर्त्याचंही नाही आणि कर्माचंही नाही. कर्त्याला 'ने'ही लागत नाही, म्हणजे सामान्यरूपाचा प्रश्नही तिथे मिटला. मगर भाकरवडी गहाण ठेवेल, दागिना गहाण ठेवेल, पोहे गहाण ठेवेल. आम्ही मिळेल त्या कागदावर वीस-पंचवीस वाक्यं भराभर लिहिली आणि एकही मोडलं नाही. गुजरातीतही 'करशे' तिन्ही लिंगांना एकच, हे त्यानेच पुढे सांगितलं. वर्षानुवर्षं दोन्ही भाषा बोलूनही आम्हां सहांपैकी कुणी हे कधी पाहिलं नव्हतं.

निर्णय आणि त्याचे परिणाम

काळ ठरल्याबरोबर खेळाला रूप आलं. सगळी वाक्यं भविष्यकाळी, म्हणजे हा भविष्य सांगायचा खेळ. दर डावाला एक जण जोशीबुवा होतो आणि बाकीच्यांनी रचलेली भाकितं गंभीर आवाजात वाचतो. व्याकरणातून निघालेला तोडगा खेळाची गोष्टही देऊन गेला.

वचनाचा प्रश्न मात्र उरला. मगर ठेवेल, पण आजोबा ठेवतील. मराठी घरात आजोबांना आणि चेअरमनसाहेबांना एकवचनात बोलवणं कुणाच्याच जिभेवर येईना. आदरार्थी कर्ते काढून टाकावेत असा एक विचार आला, पण हसवणारे निम्मे लोक त्यांतच होते. आमच्यातला बँकेत नोकरी करणारा मित्र तेव्हा हातात नेहमीचे पत्ते पिसत बसला होता. त्याने राजाचा पत्ता उलटसुलट करून दाखवला: दोन्ही टोकांना तोंड. क्रियापदाच्या पत्त्याच्या एका टोकाला 'गहाण ठेवेल', तोच पत्ता फिरवला की दुसऱ्या टोकाला 'गहाण ठेवतील'. या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला निर्णय हा. भाषेची गरज पत्त्याच्या मूळ घडणीनेच भागवली.

त्यातून एक अनपेक्षित गंमत निघाली. गुजरातीत 'मासा' म्हणजे मावशीचे यजमान. आमच्या टोळीत 'मासा' म्हटलं की निम्म्यांना मासळी दिसते, निम्म्यांना पाहुणे. आम्ही तो शब्द कर्त्यांत घेतला. आता "मासा चप्पल तळेल" म्हटलं तर तो पाण्यातला, आणि क्रियापद फिरवून "मासा चप्पल तळतील" म्हटलं तर ते घरातले. कुठलं टोक वर ठेवायचं हे खेळणारा ठरवतो.

विशेषणांनी आठवडाभर छळलं. 'वेंधळा' कर्त्याप्रमाणे वेंधळी-वेंधळं होतं, म्हणून बाद. 'चोंबडा', 'तुसडा' हेही गेले, आणि वाईट वाटलं. मग शोधता शोधता लक्षात आलं की टकाराने संपणारी विशेषणं बदलतच नाहीत: खवचट, तिरसट, बावळट, घाबरट, चिकट, कळकट, मेणचट. माणसाचा स्वभाव एका शब्दात पकडणारी ही मराठीची खास ठेव, आणि ती सगळीच्या सगळी आमच्या कामाची निघाली. जोडीला हिशेबी, नाटकी, लबाड, खोडकर, कंजूष.

काही सापळे खेळतानाच कळले. 'उसनं मागेल' लिहिलं होतं. भाकरवडी आली की ते 'उसनी' व्हायला हवं. त्याचं 'मागून नेईल' केलं. कर्त्याचा पत्ता 'सोसायटीचे चेअरमन' असा होता; त्यापुढे विशेषण आलं की 'घाबरट सोसायटीचे चेअरमन' होतं आणि सोसायटीच घाबरट ठरते. म्हणून कर्ता एकाच शब्दाचा ठेवायचा नियम केला: चेअरमनसाहेब.

हे सगळं ठरून गेल्यावर एक जुनी गोष्ट वाचनात आली. १९२५च्या सुमारास पॅरिसमधले अतिवास्तववादी कवी-चित्रकार असाच खेळ खेळत. आधीचं न बघता प्रत्येकाने एकेक शब्द लिहायचा. त्यातून निघालेल्या एका वाक्यावरूनच त्या खेळाला नाव पडलं: देखणं प्रेत नवी वाइन पिईल. तेही वाक्य भविष्यकाळी आहे.

पत्ते करताना

लग्नपत्रिकांचे पत्ते टिकाऊ होते, पण पाठीमागच्या गणपतीवरून आणि सोनेरी नक्षीवरून कुणाकडे कोणता पत्ता आहे ते ओळखू यायचं. म्हणून व्हिजिटिंग कार्डं छापणाऱ्याकडे गेलो. ३०० जीएसएमचा जाड कागद, १२ × १८ इंचांचा ताव, त्यात नेहमीच्या मापाची २४ कार्डं बसतात. प्रकार पाच होते: केव्हा, कसलं, कोण, काय, करेल. एका तावावर एक प्रकार, म्हणजे १२० पत्ते. दशावतारी गंजिफाही (जुन्या गोल पत्त्यांचा खेळ) १२०च पानांची, दहा रंग आणि प्रत्येकी बारा पानं. हा निव्वळ योगायोग, पण तो आकडा जुळल्यावर पुढे कुणी वाढवा-कमी करा म्हणेना. आमच्या पाच प्रकारांनाही आम्ही 'रंग'च म्हणायला लागलो.

छपाईत फक्त एक गोष्ट आडवी आली. 'नवऱ्याची चप्पल' छापून आली ती 'नवर्याची' होऊन. दुकानातल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसत होते. वाक्य शुद्ध निघालं पाहिजे ही अट आम्हीच घातलेली, तेव्हा तो ताव पुन्हा छापून घेतला.

जिंकायचं कसं, यावर मात्र बराच वाद झाला. बदलता पंच ठेवला तर तो आपल्या माणसाला झुकतं माप देतो, हे मेंढीकोटाच्या भांडणांवरून सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी पंचच काढून टाकला. जोशीबुवाने न हसता वाचायचं. ज्या भाकिताला त्याला हसू फुटेल, ते जिंकलं. बँकेतला मित्र कशालाच हसत नाही हे पहिल्याच चाचणीत कळलं, म्हणून पुरवणी नियम केला: जोशी शेवटपर्यंत टिकला तर बाकीच्यांनी एकदम बोटं दाखवायची. हातात प्रत्येक रंगाचे दोन, एकूण दहा पत्ते. सुरुवातीला सरसकट पिसून सात वाटले होते, तेव्हा दोघांच्या हातात क्रियापदच येत नव्हतं आणि ते डावभर नुसते बसून राहत होते.

पूर

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला मोठा पूर आला. मगरी वस्त्यांत शिरल्या. त्यांना पकडून नेतानाची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. आमच्या गुजराती मैत्रिणीचं घर तळमजल्यावर. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, भिंतींवर कमरेइतकी गाळाची रेघ राहिली. तीन शनिवार आम्ही तिच्याकडे साफसफाईला जात होतो. पत्ते मांजलपूरला खोक्यात पडून होते.

छापलेल्या संचात 'मगर' होती आणि केव्हाच्या रंगात 'पाणी ओसरल्यावर' होतं. दोन्ही पत्ते जुलैत लिहिलेले. आम्ही पाच जण आपापसांत ठरवत होतो की दोन्ही काढायचे, तिला सांगायचंही नाही. पुण्याची मैत्रीण एकटी अडून बसली: तिच्या घरात पाणी शिरलं, तर ठरवणारे आपण कोण? मग तिलाच विचारलं. ती थोडा वेळ पत्ते बघत राहिली. म्हणाली, "मगर राहू दे. मगर माझी आहे. पाणी काढा." 'पाणी ओसरल्यावर'च्या जागी तिनेच 'वासी उत्तरायणाला', म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, असं लिहिलं.

न विचारता दोन्ही पत्ते काढले असते तर खेळातलं सर्वांत बडोद्याचं पात्र गेलं असतं, आणि तिच्याबद्दलचा आणखी एक निर्णय तिच्या पाठीमागे झाला असता. जुलैतल्या त्या हशानंतर आम्ही ते तरी टाळायला हवं होतं, आणि तेही एकीच्या अडून बसण्यामुळेच टळलं.

कोजागिरी

१६ ऑक्टोबरची रात्र, मांजलपूरच्या सोसायटीचं धाबं. गच्चीला आम्ही धाबंच म्हणतो. एका पातेल्यात मसाला दूध, दुसऱ्यात गुजराती घरचे दूध-पौंआ, म्हणजे दूध-पोहे. पहिल्या दहा मिनिटांतच कळलं की पत्त्यांचे प्रकार ओळखायला छापलेली पिवळी आणि केशरी पट्टी चंद्रप्रकाशात सारखीच दिसते, आणि अक्षरंही बारीक पडली आहेत. शेवटी कुणीतरी खालून वायर ओढून बल्ब लावला.

मग मात्र रंगलं. "मुलीकडचे आल्यावर खवचट मासा नवऱ्याची चप्पल तळतील." "लाइट गेल्यावर घाबरट चेअरमनसाहेब गणपतीची वर्गणी कुरवाळतील." यजमान मैत्रिणीच्या आई दूध द्यायला वर आल्या होत्या, त्या बसल्याच. त्या जोशी झाल्या तेव्हा पंचांग वाचावं तसं खालच्या पट्टीत, सावकाश वाचत होत्या, आणि त्यांच्या त्या वाचण्यानेच बाकीचे आधी कोसळत होते. गुजराती मैत्रिणीने मांडलं: "वासी उत्तरायणाला तिरसट मगर बाबांची कवळी गहाण ठेवेल." काकूंचा आवाज 'कवळी'पाशी फुटला. डाव तिने जिंकला. त्या रात्री 'आला की आली' हा प्रश्न एकदाही निघाला नाही, कारण पत्त्यांनी तो कुणापुढे ठेवलाच नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली चाचणी आम्ही चुकीच्या क्रमाने घेतली. खेळ सर्वांत आधी, एकट्यालाच आणि शांतपणे, त्या माणसाला दाखवायला हवा होता ज्याची मराठी आमच्याहून वेगळी आहे. भूतकाळाचा दोष त्याच्या लगेच लक्षात आला असता आणि कुणाला चारचौघांत पत्ते खाली ठेवावे लागले नसते. ते हसू परत घेता येत नाही. तिने ते मनात ठेवलं नाही, हा तिचा मोठेपणा.

१२०चा आकडा सुंदर आहे, पण कमी पडतो. सहा जण खेळले की दोन डावांत उरलेला गठ्ठा जवळजवळ संपतो आणि पुन्हा पाच ढीग पिसावे लागतात. तिसऱ्या बैठकीपर्यंत तर पत्ते पाठ झाले. प्रत्येक रंगात चार कोरे पत्ते ठेवून त्या त्या रात्री ते पेन्सिलने भरावेत, असं आता ठरवलं आहे. अक्षर मोठं करायचं, आणि रंगपट्टीबरोबर कोपऱ्यात एक खूणही छापायची.

पुण्याला एक संच पाठवला होता. तिकडे मगर चालली, मासा मात्र नुसताच मासळी राहिला. 'तळतील' करून वाचलं की ते लोक छापायची चूक समजत. त्यांच्यासाठी तो पत्ता बदलायचा का, यावर आमचं एकमत नाही. मला वाटतं बदलू नये.

गुजराती मित्राने गुजराती संच सुरू केला आहे. त्याचं काम आमच्याहून सोपं आहे: 'करशे' एकवचनालाही तेच आणि अनेकवचनालाही तेच, पत्ता फिरवायचीही गरज नाही. इंदूरच्या माझ्या मामेभावाला हिंदीत हवा आहे. तो महिनाभर अडून बसला आहे, कारण हिंदीच्या भविष्यकाळात लिंग परत येतं: करेगा, करेगी, करेंगे, करेंगी. रूपं चार, आणि पत्त्याला टोकं दोन.